दिवसाला एक पट्टी

अमेरिकेत औषधाच्या दुकानात काम करणाऱ्याला दोन खुणा झोपेतही आठवतात: केएक्स आणि केएस. मेडिकेअरला, म्हणजे मुख्यतः पासष्टीपुढच्यांसाठी असलेल्या सरकारी विम्याला, साखर तपासण्याच्या पट्ट्यांचं बिल पाठवताना यातली एक खूण लावावीच लागते. रुग्ण इन्सुलिन घेत असेल तर केएक्स, घेत नसेल तर केएस. केएक्सवाल्याला तीन महिन्यांत 300 पट्ट्या, केएसवाल्याला 100. म्हणजे एकाला दिवसाला तीन, दुसऱ्याला जेमतेम एक. बोट टोचायच्या लॅन्सेटचा हिशेबही तोच. मेडिकेअरच्या ‘पार्ट बी’ या भागाची वर्षाची ठरलेली रक्कम आपल्या खिशातून भरून झाली की पुढच्या खर्चातले 80 टक्के मेडिकेअर देतं, 20 टक्के रुग्णाने द्यायचे.

मी न्यू जर्सीत फार्मसिस्ट आहे. आमच्या काउंटरवर मराठी आजी-आजोबा बरेच येतात. मुलांमागोमाग ग्रीन कार्डावर आलेले, सलग पाच वर्षं इथे काढून मग दरमहा हप्ता भरत मेडिकेअरमध्ये शिरलेले. भारतातल्या मेडिक्लेमची सवय अशी, की दवाखान्यात भरती झाल्याशिवाय विम्याचं नाव काढायचं नाही. घरी वापरायच्या पट्ट्या नेहमीच्या पॉलिसीत बसत नाहीत. भरती झाल्यावरही भारताच्या विमा नियामकाच्या यादीनुसार ग्लुकोमीटर आणि पट्ट्या उपचाराच्या खर्चातच धरलेल्या असतात, त्यांचे पैसे वेगळे लावता येत नाहीत. त्यामुळे इथे पट्ट्यांना विमा आहे याचं आधी अप्रूप वाटतं आणि महिन्या-दोन महिन्यांत ‘शंभरच का?’ म्हणून राग येतो.

खरं तर केएसवाल्यांना ही शंभरीसुद्धा उशिरानेच मिळाली. इन्सुलिन न घेणाऱ्यांच्या पट्ट्यांना मेडिकेअर पूर्वी पैसेच देत नसे. 1997 साली अमेरिकी संसदेने कायदा केला आणि 1 जुलै 1998 पासून त्यांचाही समावेश झाला.

आता एक अप्रिय गोष्ट सांगतो. इन्सुलिन न घेणाऱ्या बहुतेकांना शंभर पट्ट्या पुरतात, काहींना तर त्याही जास्त होतात. नॉर्थ कॅरोलिनात अशा 450 रुग्णांवर झालेला अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. रोज बोट टोचणारे आणि न टोचणारे यांच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत वर्षअखेरीस म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. त्यात नवल नाही. रोज सकाळी उपाशीपोटी एक आकडा बघायचा, वहीत लिहायचा आणि नेहमीसारखा चहा-खारी घेऊन बसायचं, यानं साखर कशी उतरेल? तेव्हा मर्यादा मुळातच अन्यायाची आहे, असं मी म्हणणार नाही.

अन्याय आहे तो रेघ जिथे ओढली तिथे. साखर धोकादायक खाली जाण्याची भीती फक्त इन्सुलिनवाल्यांना असते, असं ही रेघ धरून चालते. पण ग्लिमेपिराइड, ग्लिपिझाइड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, पोटात अन्न असो वा नसो. या गोळ्या घेणारा माणूस कागदोपत्री केएस आणि प्रत्यक्षात जोखमीचा. त्यातून आपले उपास!

एकदा एक काका पट्ट्या संपल्या म्हणून आले. संगणकावर उत्तर आलं: मुदतीआधी मागणी, नामंजूर. ते बिचारे परत निघाले होते, तेवढ्यात काकू म्हणाल्या, “अहो, सांगा की त्यांना! संकष्टीला चंद्र उगवेपर्यंत काही खात नाहीत हे. संध्याकाळी दरदरून घाम, हात थरथरतात. मग मी दहा वेळा तपासते.” मी काकांचं यंत्र मागून घेतलं आणि त्याच्या मेमरीतले जुने आकडे बघत गेलो. 61. 58. मध्येच एक 52. सत्तरच्या खाली गेली की साखर कमी समजतात, 54 च्या खाली गेली तर ती गंभीर बाब. उपासाच्या दिवशीही सकाळची गोळी चुकली नव्हती, कारण ‘डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलंय’.

ते आकडे तारखांसह कागदावर उतरवून मी त्यांच्या डॉक्टरांना पाठवले. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि नवी गोळी बसेपर्यंत जास्त पट्ट्याही लिहून दिल्या. पुढे काकांना शंभर पट्ट्या पुरू लागल्या. जास्तीच्या पट्ट्यांनी पुरावा दिला आणि त्या पुराव्यानेच जास्तीच्या पट्ट्यांची गरज संपवली.

ही वाट नियमातच आहे, पण ती कुणी सांगत नाही. मर्यादेपेक्षा जास्त पट्ट्या हव्या असतील तर डॉक्टरांनी गेल्या सहा महिन्यांत रुग्णाला तपासलेलं असावं लागतं आणि जास्त वेळा का तपासायचं, याचं कारण त्यांच्या नोंदीत असावं लागतं. पुढेही रुग्ण खरोखर तितक्या वेळा तपासतो, हे दर सहा महिन्यांनी दिसावं लागतं. नुसत्या प्रिस्क्रिप्शनवर ‘दिवसातून चार वेळा’ लिहून भागत नाही. बहुतेक नकार इथेच येतात: गरज खरी असते, नोंद नसते.

एप्रिल 2023 पासून आणखी एक दार उघडलं. दंडावर चिकटवायचा, सतत साखर मोजणारा सेन्सर आता कुठलंही इन्सुलिन घेणाऱ्याला मेडिकेअरमधून मिळू शकतो. इन्सुलिन नसलं, तरी औषधं बदलूनही साखर वारंवार 54 च्या खाली जात असेल किंवा दुसऱ्याने मदत करावी लागावी इतकी एकदा जरी गेली असेल, तर असा रुग्णही पात्र ठरतो. पण त्याचीही नोंद हवीच.

एक मात्र करू नका. रस्त्याकडेच्या खांबांवर ‘डायबेटिसच्या पट्ट्या रोखीने विकत घेतो’ अशा पाट्या दिसतात. तिथल्याच पट्ट्या पुढे इंटरनेटवर स्वस्तात येतात. त्या कुठल्या गरमीत पडून होत्या, बाटली उघडली गेली होती का, काही कळत नाही. चुकीच्या आकड्यावर औषध घेण्यापेक्षा न तपासलेलं बरं. विमा नाहीच म्हणाला तर मोठ्या दुकानांच्या स्वतःच्या ब्रँडच्या पट्ट्या घ्या. त्या बऱ्याच स्वस्त असतात.

आई-बाबा तुमच्याकडे राहत असतील तर या दिवाळीत एवढं करा. त्यांच्या गोळ्यांची नावं वाचा. त्यात ग्लिमेपिराइड किंवा ग्लिपिझाइड असेल, तर उपासाच्या दिवशी ती गोळी कशी घ्यायची हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. पट्ट्या रोज एकाच वेळी न वापरता कधी जेवणाआधी आणि दोन तासांनी अशी जोडी लावा, आणि घाम-थरथर झाली तर साखर पोटात टाकण्याआधी एक पट्टी जरूर खर्च करा. तो आकडा तारखेसह लिहा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना त्यांच्या नोंदीत उतरवायला सांगा. आजारपण कितीही खरं असलं, तरी विमा कंपनी ते फक्त कागदावरूनच वाचते.