वेग अर्धा, बदनामी पुरी

उर्दू माध्यमाच्या शाळेला चांगल्या संगणकाची काय गरज, असे आम्हा शिक्षकांना आजही अधूनमधून ऐकावे लागते. नस्तालीक लिपीची वळणे शिशाच्या खिळ्यांत नीट बसत नसत, म्हणून उर्दू मजकूर वर्षानुवर्षे कातिबाच्या हातूनच उतरत आला. १९९४ मध्ये इनपेज हे सॉफ्टवेअर आले आणि पुढे प्रश्नपत्रिकेपासून स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेपर्यंत सारे शाळेतच तयार होऊ लागले. उर्दूच्या शिक्षकाला संगणक हा शौक नाही, ती त्याची लेखणी आहे.

आमच्या शाळेत आणखी एक काम चालू आहे. ग्रंथालयातली जुनी उर्दू पुस्तके आणि मासिके हात लावताच तुकडे पडावेत अशा अवस्थेत आहेत. त्यांची पाने स्कॅन करून ठेवण्याचे काम आम्ही शाळा सुटल्यावर करतो. पाहता पाहता ३०० जीबी प्रतिमा एका जुन्या हार्डडिस्कवर साठल्या. त्यांच्यासाठी नवा संगणक घ्यायला पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी चंदा दिला. चंदा म्हणजे अमानत, त्यामुळे एकेका रुपयाचा हिशेब होणारच होता.

संगणक जोडून देण्याचे काम गावातल्याच एका तरुणाला मिळाले. तो आमच्याच शाळेचा विद्यार्थी. नवा मदरबोर्ड आणि १ टीबीचा नवा एनव्हीएमई एसएसडी त्याने आणला. पैसे वाचावेत म्हणून जुन्या संगणकातला २५६ जीबीचा एसएसडी विंडोजसह यातच बसवावा, ही सूचना व्यवस्थापन मंडळाची होती. नव्या ड्राइव्हच्या खोक्यावर वाचनाचा वेग सेकंदाला ३५०० एमबी असा छापलेला होता. प्रत्यक्षात ते ३०० जीबी त्याच्यावर उतरवायला जवळजवळ अडीच तास लागले.

एवढे निमित्त पुरले. "पोराने डुप्लिकेट माल दिला," असे कुणीतरी म्हणाले आणि आठवडाभरात ते अर्ध्या मोहल्ल्यात पोहोचले. मंडळाने त्याची उरलेली रक्कम रोखून धरली. तो शाळेत आला तेव्हा रागावला नाही, इतकेच म्हणाला, "सर, बिल दाखवले, खोके दाखवले. आता आणखी काय दाखवू?" लहान गावात दुकान भांडवलापेक्षा नावावर चालते. नाव एकदा गेले की शटर उघडे ठेवून उपयोग नसतो.

संगणक कक्ष सांभाळणाऱ्या आम्ही दोघा शिक्षकांनी मंडळाकडे तीन दिवसांची मुदत मागितली. बदगुमानीला पुरावा लागत नाही, पण ती दूर करायला मात्र लागतो. तेव्हा तहकीक करायची तर आकड्यांनीच करायची, असे ठरले.

आधी क्रिस्टलडिस्कमार्क या मोफत प्रोग्रामने नवा ड्राइव्ह मोजला. वाचनाचा वेग १७०० च्या आसपास आला, म्हणजे छापलेल्या आकड्याच्या जवळपास निम्मा. नकली माल असा बरोबर निम्म्यावर येऊन थांबत नाही. त्याचा वेग कसाही वरखाली होतो, पुष्कळदा साठवणही सांगितल्यापेक्षा कमी निघते. इथे साठवण पुरी होती. ड्राइव्ह फार तापला तर आपणच वेग कमी करतो, म्हणून तापमानही पाहिले. ते ४५ अंशांच्या पुढे गेले नाही.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो उघडले. त्यात ट्रान्स्फर मोड नावाची एक ओळ असते. डावीकडे ड्राइव्ह सध्या कसा जोडला आहे ते, आणि उजवीकडे त्याची कुवत काय आहे ते. आमच्या ओळीत उजवीकडे चार लेन होत्या आणि डावीकडे दोनच. पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीत एक लेन सेकंदाला जेमतेम १००० एमबी वाहून नेते. चार लेनच्या गाडीला दोन लेनचा रस्ता मिळाला होता. गाडी खरी होती, रस्ता अरुंद होता.

मदरबोर्डच्या पुस्तिकेतल्या बारीक अक्षरांच्या तक्त्यात याचा उलगडा मिळाला. बोर्डावर एम.२ च्या दोन जागा. प्रोसेसरजवळच्या वरच्या जागेला चार लेन, खालच्या जागेला दोन. दिसायला दोन्ही सारख्याच. विंडोज असलेला जुना ड्राइव्ह साहजिकच वरच्या जागी बसला होता. पण तो साटा जातीचा. त्याला या लेन लागतच नाहीत, आणि सेकंदाला ५५० एमबीच्या पुढे तो जाऊही शकत नाही. खालच्या जागेत साटाही चालतो, असे तक्त्यात लिहिले होते. आम्ही संगणक बंद केला, वायर काढली आणि दोन्ही ड्राइव्हची अदलाबदल केली. पुन्हा मोजले तेव्हा आकडा ३४०० च्या वर गेला.

पण अडीच तासांचा हिशेब अजून लागत नव्हता, कारण १७०० चा वेगसुद्धा ३०० जीबीला तीन-चार मिनिटांत उरकतो. म्हणून प्रतिमा जिथून येत होत्या ती बाजू तपासली. जुनी हार्डडिस्क संगणकाच्या पुढच्या काळ्या यूएसबी २ पोर्टला लावलेली होती. तिथून सेकंदाला ३५ एमबीच्या आसपासच येते. तीच डिस्क मागच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टला लावली, तर सारी नक्कल पाऊण तासात झाली. त्याहून लवकर होणार नव्हती, कारण आता जुन्या डिस्कचीच धाव संपली होती. नळ बारीक असेल तर हौद केवढाही मोठा बांधा, भरायला तेवढाच वेळ लागणार.

हे सारे आकडे आम्ही एका कागदावर मांडून मंडळापुढे ठेवले. चोर सोडून संन्याशाला फाशी अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे तर चोर नव्हताच. एका अध्यक्षीय खुर्चीवर नको तो बसला होता आणि एक वायर चुकीच्या भोकात होती. तरीही एका पोराची इमानदारी पणाला लागली होती.

नवे यंत्र घेणाऱ्या शाळांना आणि मदरशांना आमचे एवढेच सांगणे आहे. आधी मोजा, मग पुस्तिका वाचा, मग जागा, पोर्ट आणि वायर तपासा. माणसावर शंका घ्यायची पाळी या सगळ्यानंतर येते, आणि बहुतेक वेळा येतच नाही.

उरलेली रक्कम त्याच आठवड्यात दिली गेली. मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद पाकीट घेऊन स्वतः दुकानात गेले. बातमी मोहल्ल्यात फिरली होती, म्हणून भरपाईही चारचौघांदेखत व्हावी, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांनी गिऱ्हाइकांसमोर पैसे मोजून दिले आणि घरच्या संगणकालाही एक एसएसडी बसवायला सांगितला. त्या पोराने पुस्तिका उघडली, बोट ठेवून तक्ता वाचला आणि मग पेचकस हातात घेतला.