सातबाऱ्यावर न दिसणारी माणसं

विशेष आर्थिक क्षेत्रांचा २००५ चा कायदा शिकवताना कलम ५३ पाशी वर्ग हमखास थबकतो. जमीन भारतातलीच, पण सीमाशुल्कापुरती ती देशाबाहेरची मानायची. ‘मग आत कामगार कायदेही नाहीत का, सर?’ हा प्रश्न येतोच, आणि तो यावा असं मला मनापासून वाटतं. कलम ४९ खाली केंद्र सरकार इतर कायद्यांतून सूट देऊ शकतं. मात्र कामगार संघटना, औद्योगिक वाद, भविष्यनिर्वाह निधी, प्रसूतीचे लाभ यांना त्या कलमान्वये हात लावता येत नाही. ही मर्यादा मुलांनी स्वतः शोधून काढली, की तास सार्थकी लागतो.

त्यानंतर मी एक सातबारा वर्गात फिरवतो. खातेदाराचं नाव, क्षेत्र, आकार, आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात एखादं कूळ, सोसायटीच्या कर्जाचा बोजा. या कागदावर कोण नाही, असं विचारतो. गावाकडची मुलं पटकन सांगतात: लावणीला येणाऱ्या मजूर बायका, खाडीत जाळं टाकणारे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात मोबदला हक्क असणाऱ्याला होता. अशा शेतमजुरांची कुटुंबं केंद्राच्या भूसंपादन कायद्यात ‘बाधित’ म्हणून नोंदवायला २०१३ चा कायदा यावा लागला. मधल्या वर्षांत रायगडचा लढा होऊन गेला. सप्टेंबर २००८ मध्ये पेण भागातल्या, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी (सेझ) जमीन द्यायची का, यावर शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं. प्रा. एन. डी. पाटलांसारखी माणसं त्या लढ्यात उभी होती. प्रकल्प पुढे बारगळला. आपल्या सार्वजनिक जीवनातली ही फार मोठी घटना आहे, आणि ती कायद्याच्या पाठ्यपुस्तकात ठळक असायला हवी.

परकीय गुंतवणुकीकडे वळलो की व्हाइट इंडस्ट्रीजचा खटला घेतो. या ऑस्ट्रेलियन कंपनीला कोल इंडियाविरुद्ध २००२ मध्ये लवादाचा निवाडा मिळाला, पण आपल्या न्यायालयांत त्याची अंमलबजावणी वर्षानुवर्षं रखडली. कंपनीने भारत-ऑस्ट्रेलिया करारावर बोट ठेवून आंतरराष्ट्रीय लवाद गाठला आणि २०११ मध्ये भारत सरकारविरुद्ध जिंकली. कारण एकच, आपल्या न्यायालयांतला विलंब. त्याच न्यायालयांत वाढीव मोबदल्यासाठी शेतकरीही तारखांमागून तारखा घेत असतो. त्याला रकमेवर व्याज मिळतं; पण या विलंबाबद्दल सरकारला जाब विचारायला देशाबाहेरचं दार त्याच्यासाठी नाही.

गुंतवणूक नको, असं मी मुलांना कधीच सांगत नाही. अंधेरीच्या सीप्झ या निर्यात-प्रक्रिया क्षेत्रात १९७३ पासून किती घरांच्या चुली पेटल्या आहेत, हे मुंबईच्या मुलांना सांगावं लागत नाही. पण गुंतवणूकदाराची बाजू मांडायला निष्णात वकील असतातच. म्हणून सत्राचं काम मी असं देतो: कंपनीचा अर्ज लिहा, आणि सातबाऱ्यावर नाव नसलेल्या मजूर बाईची हरकतही तितक्याच ताकदीने लिहा. दोन्हींना गुण सारखेच.