पत्ता माझा, कर्ज त्याचं

वारज्यातल्या या भाड्याच्या फ्लॅटवर माझ्या नावाने क्वचितच पत्र येतं. आधीच्या भाडेकरूच्या नावाने मात्र दर आठवड्याला पाकीट ठरलेलं. आधी बँकेची, मग वकिलाची, स्पीड पोस्टने. मी एकही फोडलं नाही. तरी त्याने किती थकवलेत ते मला माहीत आहे, कारण वसुलीला आलेल्या मुलाने आकडा जिन्यातच मोठ्याने सांगितला. चेक बाउन्स झाल्याचंही सांगितलं. शेजारच्या काकू दार किलकिलं करून ऐकत होत्या. आई तेव्हा साताऱ्याहून आलेली. "नाव त्याचं असलं तरी दार आपलं आहे ना," एवढंच म्हणाली आणि त्या रात्री नीट जेवली नाही.

कर्जाची नोंद पॅनवर होते, पत्त्यावर नाही, हे मला ठाऊक होतं. तरी चारही क्रेडिट ब्युरोंचे रिपोर्ट काढले. प्रत्येकाकडून वर्षाला एक फुकट मिळतो. सगळे स्वच्छ.

तिसऱ्या खेपेला त्या मुलाला पाणी दिलं आणि त्याचं ॲप दाखव म्हटलं. (असली ॲप लिहिण्यावरच माझं पोट चालतं.) भेटीचा निकाल निवडायला चार पर्याय: भेटले, दार बंद, पैसे देतो म्हणाले, भेटले नाहीत. 'इथे राहत नाहीत' हा पर्यायच नाही! तो बिचारा दर वेळी 'भेटले नाहीत' दाबायचा आणि सिस्टीम पुढच्या आठवड्याची भेट लावून मोकळी.

मग पाकिटं पोस्टमनकाकांना परत, 'या पत्त्यावर राहत नाहीत' असं लिहून. सोसायटीच्या रजिस्टरमधून माझा नंबर मिळवून रात्री ९ वाजता फोन आला, तेव्हा बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला. सोबत नोंदणी केलेला भाडेकरार जोडला. रिझर्व्ह बँकेचा नियम सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर खुद्द कर्जदारालाही वसुलीचे फोन करू देत नाही, हेही लिहिलं.

उत्तर आलं: 'सदर ग्राहकाचा सध्याचा संपर्क असल्यास कळवावा.'

संपर्क होता. गॅस कनेक्शनच्या कामासाठी घरमालकांनीच त्याचा नंबर दिला होता. आई म्हणाली, "देऊन टाक, आपली पीडा टळेल." पण जिन्यात आकडे ओरडणाऱ्यांच्या हाती तो द्यायला माझं मन होईना. गप्प बसणंही सरळ नव्हतं. चेक बाउन्सची नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले नाहीत तर कोर्टात केस होऊ शकते, आणि पाकीट परत गेलं म्हणून नोटीस पोचलीच नाही, असं कोर्ट दर वेळी मानत नाही. म्हणजे मी नियमाने परत पाठवत असलेलं प्रत्येक पाकीट त्याला न कळता त्याच्यावर उलटू शकत होतं.

बँकेला 'मला माहिती द्यायची नाही' असं कळवलं. मेसेज त्यालाच केला: 'तुमच्या नावाने इथे वकिलाची पत्रं येतायत. मी परत पाठवते आहे. बँकेत नवा पत्ता द्या, वकील गाठा.'

दोन दिवस नुसत्या निळ्या टिका. मग उत्तर आलं, "ताई, शेवटचं पाकीट कोणत्या तारखेला आलं होतं?"

मी तारीख पाठवली.