बाईंनी काढायला लावलेला सेक्शन

आर्किटेक्चर कॉलेजात डिझाइन शिकवणाऱ्या आमच्या बाईंनी मला जे दिलं, त्यातलं सर्वांत मोठं देणं त्यांनी स्वतः कधी न पाहिलेल्या एका इमारतीचं आहे. ग्रीनलंडच्या राजधानीतलं, नूकमधलं ‘काटुआक’ हे सांस्कृतिक केंद्र. श्मिट हॅमर लासेन या डॅनिश वास्तुरचनाकारांची ही इमारत १९९७ साली खुली झाली. वर्गात स्लाइड लावून बाईंनी विचारलं होतं, ‘‘यात उत्तर ध्रुव कुठे आहे, सांगा बघू.’’ हिमनगाचा आकार शोधून आम्ही थकलो. ‘‘सेक्शन काढल्याशिवाय बोलायचं नाही,’’ म्हणत त्यांनी दुपारभर तोच, म्हणजे इमारतीचा उभा छेद, काढून घेतला. काढता काढता उमगलं, की इथे आकार उचललेला नाही, हालचाल उचलली आहे. लार्चच्या लाकडाची लांबलचक भिंत ध्रुवीय प्रकाशाच्या पडद्यासारखी वळत जाते आणि किंचित मागे रेलते.

पुढे कामानिमित्त नूकला जायचा योग आला. त्या गावाभोवती रान नाही. खडक, समुद्र आणि बर्फ. इमारतीचं लाकूड समुद्रापलीकडूनच यायचं. हे ठाऊक असल्यामुळे त्या सोनेरी फळ्यांवरून हात फिरवताना मला भरून आलं. तिथल्या एका वयस्कर कर्मचारी बाईंनी मला बाहेर नेऊन भिंतीचा पाया दाखवला. खाली काचेची पट्टी धावते, त्यामुळे एवढी जड भिंत जमिनीपासून सुटून उचलल्यासारखी वाटते. आत शिरलं की लांब, उजेडी फॉयर. सिनेमाला आलेली मुलं, कॉफी घेऊन बसलेली म्हातारी माणसं. मैलोन्‌मैल बर्फ असलेल्या मुलखात जमायला ऊबदार जागा हवीच, आणि ती गावाने मनापासून वापरलेली दिसली. मला भिंतीइतकंच हेही मोलाचं वाटतं. आपल्याकडे नाट्यगृह बांधताना प्रेक्षागृहावर सगळं लक्ष असतं आणि मध्यंतरात माणसं जिन्यावर उभी राहतात.

त्या रात्री बाईंना सविस्तर ईमेल लिहिला. भिंतीबद्दल पानभर होतं. बाईंचं उत्तर दोन ओळींचं आलं : ‘‘छान. फॉयर किती रुंद आहे? लोक ओले कोट कुठे अडकवतात?’’

दुसऱ्या दिवशी दार उघडताच मी पावलांनी फॉयर मोजायला लागले.