तळघरातले अजगर

लेकीकडे शिकागोला गेलात, तर सगळे तुम्हाला सरोवर दाखवतील. माझ्या लक्षात राहिलं ते शेजारणीचं तळघर. बाहेर बर्फ, आत आपल्या फाल्गुनासारखी ऊब! मांडणीवर प्लॅस्टिकचे खणच खण. तिनं एक ओढला आणि अहो, आत चक्क अजगर! दचकू नका. हा पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथन. बिनविषारी, तीन-चार फुटांचा. घाबरला की डोकं आत घेऊन चेंडू होतो, म्हणून हे नाव.

मादी एका वेळी सहाएक अंडी घालते. ती उबवणपेटीत ३१-३२ अंशांवर ठेवायची, उलटीपालटी करायची नाहीत. दोनेक महिन्यांत पिल्लं! पापड-कुरडयांपेक्षा सोपं वाटतं ना? मलाही वाटलं. पण १९९२ साली अमेरिकेत प्रथम पैदास झालेल्या पांढऱ्या-पिवळ्या जातीचं पिल्लू तेव्हा हजारो डॉलरला जाई. आता दोनशेच्या आसपास मिळतं. घरोघर पैदास झाल्यावर दुसरं काय होणार?

छप्पर दुरुस्तीचे पैसे तिनं यात घातले होते. “न खपलेलं पिल्लूही जेवायला मागतंच,” ती म्हणाली. मार्चमधल्या टिनली पार्कच्या प्रदर्शनात सहा माद्या काढून टाकणार होती. (आपल्याकडे देशी अजगर पाळणं गुन्हा आहे बरं!)

खाद्याचे गोठवलेले उंदीर कुठे ठेवतेस, हे मी आधी विचारून घेतलं. फ्रीज वेगळा निघाला, तेव्हा कुठे चहा घेतला.