उघड्या माळाचे रान झाले!
तिरितिरी मतांगी बेटावरची एक पायपीट

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला मुलाकडे आम्ही दोघे गेलो होतो. एका संध्याकाळी सूनबाईने विचारले, "बाबा, गुडघे काय म्हणतात? तीन-चार तास चालवेल ना? चालवणार असेल तर तुम्हाला तिरितिरीला नेते." आम्ही हो म्हटले. ते काय आहे, हे मात्र आम्हाला ठाऊक नव्हते.

तिरितिरी मतांगी हे समुद्रातले एक छोटे बेट आहे. ऑकलंड शहरापासून साधारण ३० किलोमीटर आणि विस्तार अवघा २२० हेक्टर. आपल्याकडच्या एखाद्या लहान खेड्याच्या शिवाराएवढे म्हणा ना! शहरातून बोट सकाळी निघते आणि सव्वा तासात पोहोचवते. बेटावर हॉटेल नाही, टपरी नाही. डबा आपला आपण न्यायचा आणि कचराही परत घेऊन यायचा.

बोटीत चढण्यापूर्वीच एक गंमत झाली. पिशव्या उघडून पाहा, बूट ब्रशने घासा, अशी सक्त सूचना होती. आमच्या आठ वर्षांच्या नातवाने आजीच्या पिशवीत हात घालून तळाशी पडलेल्या बडीशेपेच्या चार दाण्यांसकट सगळे झटकून काढले. आजीच्या बुटाच्या खाचेत चिखल निघाला. "आजी, यात बी असेल तर?" तो म्हणाला. शाळेत शिकवतात तिथे हे! आम्ही हसलो, पण त्या तपासणीचे कारण दुपारपर्यंत आम्हाला पुरते कळले होते.

धक्क्यावर उतरलो की पायवाटा फुटतात. घाई असणारे सरळ चढाच्या वाटेने दीपस्तंभाकडे जातात. आम्ही डावीकडे किनाऱ्याची वाट धरली. वाटेच्या कडेला लहान निळ्या पेंग्विनसाठी घरटी करून ठेवली आहेत. पुढे हॉब्स बीच नावाची छोटीशी पुळण लागते. डिसेंबर महिना म्हणजे तिकडचा उन्हाळा. किनाऱ्यावरची पोहुतुकावाची झाडे लाल फुलांनी पेटल्यासारखी दिसत होती. आम्हाला गुलमोहर आठवला, पण हे झाड आपल्या जांभळाच्या आणि पेरूच्या कुळातले.

पुळणीवरून कावेराऊ नावाची वाट वर चढते. पायऱ्या आहेत, ज्येष्ठांनी दमाने घ्यावे. सावली मात्र गर्द. बेटावर मूळचे जुने रान जे थोडेबहुत उरले होते, त्यातून ही वाट जाते. इथेच पायाशी पाचोळा उडू लागला. काळा पक्षी आणि पाठीवर तांबूस पट्टा, जणू खोगीरच घातले आहे. त्याचे नाव तिएके. आमच्यापासून तीन हातांवर तो खुशाल किडे उकरत राहिला.

नातवाने हळूच विचारले, "आजोबा, हा पळत का नाही?"

प्रश्न लहान होता, पण साऱ्या बेटाची गोष्ट त्यात आहे. या देशात माणूस येण्यापूर्वी जमिनीवर राहणारे सस्तन प्राणी वटवाघळांखेरीज नव्हतेच. उंदीर नाही, मांजर नाही, मुंगूस नाही. म्हणून कित्येक पक्षी जमिनीवरच चरू लागले, काही तर उडणेही विसरले. त्यांना भीती माहीत नव्हती. मग माणसांबरोबर उंदीर आले, मांजरे आली, मुंगसासारखा स्टोट आला. भीती न शिकलेल्या पक्ष्यांचा फडशा पडला. तिएके, हिही, कोकाको हे पक्षी मोठ्या भूमीवरून जवळजवळ वा पूर्ण नाहीसे झाले आणि दूरच्या बेटांवर किंवा थोड्याशा रानात कसेबसे तगून राहिले.

या बेटाचीही दुर्दशा झाली होती. इथले मूळचे लोक माओरी. कावेराऊ जमातीने १८६७ साली बेटावर आपला हक्क सांगितला, पण न्यायालयाने ते सरकारच्या नावे केले. आम्ही चढलो त्या वाटेला याच जमातीचे नाव आहे. पुढे २०१५ साली झालेल्या तडजोडीच्या कायद्यात सरकारने या जमातीची माफी नोंदवली. जमीन हातून जाणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

शंभराहून अधिक वर्षे इथे गुरे-मेंढ्या चारल्या गेल्या. रान तोडून, जाळून कुरण केले. १९७१ साली चराई बंद झाली तेव्हा मूळचे रान शेकडा सहाच्या आसपास उरले होते. बाकी सारा उघडा माळ!

त्यानंतर जे घडले ते ऐकण्यासारखे आहे. ऑकलंड विद्यापीठातील जॉन क्रेग आणि नील मिचेल या प्राध्यापकांनी सुचवले की, हे बेट कुलूपबंद राखीव न ठेवता लोकांसाठी उघडे ठेवा आणि लोकांच्याच हातांनी झाडे लावा. दीपस्तंभाचे अखेरचे रखवालदार रे वॉल्टर यांच्याकडे रोपवाटिकेचे काम आले. दिवा स्वयंचलित झाला आणि दिवा सांभाळणारा माणूस रोपे सांभाळू लागला! १९८४ ते १९९४ या दहा वर्षांत शाळकरी मुले, नोकरदार, म्हातारीकोतारी अशी हजारो माणसे बोटीने येऊन अडीच ते तीन लाख झाडे लावून गेली. मजुरी कोणी मागितली नाही. बेटाचा सुमारे साठ टक्के भाग झाडांखाली आणला आणि उरलेला मुद्दाम गवताळ ठेवला.

बी आणि कोवळे कोंब खाणारे उंदीर १९९३ साली हेलिकॉप्टरमधून विषारी गोळ्या टाकून निपटले. तिएके १९८४ सालीच आणून सोडले होते. मग १९९१ साली ताकाहे, १९९५ साली हिही, १९९७ साली कोकाको आले. २००३ साली तुआतारा हा प्राचीन वंशाचा सरपटणारा प्राणीही आणला.

माथ्यावर पोहोचलो. समोर पांढरा दीपस्तंभ. तो पहिल्यांदा उजळला १ जानेवारी १८६५ रोजी. शेजारच्या हिरवळीवर आम्ही डबा सोडला. इतक्यात सूनबाई पुटपुटली, "आई, हलू नका." कोंबड्यापेक्षा थोराड, निळाहिरवा, लालभडक जाड चोचीचा पक्षी गवत उपटत संथपणे चालला होता. हा ताकाहे. आपल्या तळ्यांवर दिसणाऱ्या जांभळ्या पाणकोंबडीचा हा भाऊबंद, पण याला उडता येत नाही. ही जात संपली असेच सारे मानून बसले होते. १९४८ साली डॉ. जेफ्री ऑर्बेल यांना दक्षिणेच्या डोंगरात ती पुन्हा सापडली. आज साऱ्या जगात ताकाहे आहेत सुमारे पाचशे. आपल्या एखाद्या वस्तीतली माणसे त्याहून जास्त भरतील!

तेव्हा सकाळच्या ब्रशचे कारण कळले. एखाद्या पिशवीतून एक गाभण उंदरीण उतरली तर चाळीस वर्षांचे काम धोक्यात येईल. २००० साली बेटावर परदेशी मुंग्या सापडल्या होत्या, त्या निपटायला कितीतरी वर्षे खपावे लागले. आणि एक मजेची, पण विचारात पाडणारी गोष्ट. आपली अंगणातली साळुंकी तिकडे १८७० च्या दशकात माणसांनीच नेऊन सोडली. आज तिथे ती उपद्रवी ठरली आहे. पाखराचा दोष नाही, ज्याने विचार न करता नेले त्याचा आहे.

उतरताना वॉटल नावाची सोपी वाट घेतली. बराचसा भाग लाकडी फळ्यांचा आहे, पाय घसरत नाही. मध्येच बाक आहेत. एका जागी पाखरांसाठी साखरपाणी ठेवलेले होते. त्यावर हिही झेपावत होते. फांद्यांतून घुंगरासारखा आवाज येत होता. आमच्या पुढे एक वृद्ध स्वयंसेविका पाहुण्यांना वाट दाखवत चालली होती. ती एका झाडापाशी थांबली, खोडावर हात ठेवला आणि म्हणाली, "हे आमच्या तुकडीने लावलेले." झाड तिच्या चौपट उंच होते.

आम्हाला आमच्या गावामागची टेकडी आठवली. दर पावसाळ्यात तिथे वृक्षारोपण होते, फोटो निघतात आणि उन्हाळ्यात त्याच खड्ड्यांत काड्या उभ्या असतात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच खड्डे! तिरितिरीवर रोपे लावणारे हात आपल्यासारखेच होते. फरक इतकाच की, ते दहा वर्षे परत परत आले आणि अजून येताहेत.

वाचकहो, तिकडे कोणाचे मुलगे-मुली असतील आणि जाणे झाले, तर हा एक दिवस जरूर काढा. बोट रोज नसते, आधी चौकशी करा. पाणी, टोपी आणि डबा सोबत घ्या.

गावी परतल्यावर आम्ही दोघांनी टेकडीवरची पाच रोपे वाटून घेतली आहेत. दर रविवारी दोन कळश्या पाणी नेतो. नातवाचा फोन आला की तो आधी तेच विचारतो, "आजोबा, पाचही आहेत ना?" अजून तरी आहेत.