कापाकापी

बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला एक विद्या आपोआप येते. निर्णय न घेता काम जोरात चालू आहे असं भासवणं. त्यामुळे यूट्यूबवर चॅनेल काढायचं आमच्या घरी ठरलं, तेव्हा मी सर्वप्रथम काय केलं असेल तर एक फाइल उघडली. कॉम्प्युटरवरची नव्हे, पुठ्ठ्याची. वर लाल पेन्सिलीने लिहिलं : 'व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअर – निवड'. आत तुलनात्मक तक्ता आखला. तीन कोटेशनं आल्याशिवाय आम्ही शाखेत माठसुद्धा घेत नाही.

चॅनेल माझं नव्हतं. आमच्या नानांचं होतं. नाना त्र्याऐंशी वर्षांचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी तोंडपाठ. औट म्हणजे साडेतीन. एप्रिल 1957 मध्ये दशमान नाणी आली आणि आणे-पै हळूहळू गेले, पण तोवर नाना हे सगळं घोकून बसले होते, आणि घोकलेलं परत करायची सोय शाळेत नसते. मी स्वतः बी.कॉम. आहे, पण औटकी म्हणजे कुणा लांबच्या आत्याबाईंचं घरातलं नाव असावं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

हल्ली नाना सकाळी दोनदा विचारू लागले होते, "दूध आलं का रे?" एकदा दूध पिताना विचारलं. तेव्हा सौ. मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच म्हणाली, "अहो, ते पाढ्यांचं काय करायचंय ते लवकर करा."

मी लगेच तक्त्यात आणखी एक रकाना वाढवला.

पहिली शिफारस चिरंजीवांची. ते इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असल्याने त्यांना हॉलिवूडच्या खालचं काही चालत नाही. "बाबा, डाविंची रिझॉल्व्ह घ्या. सिनेमावाले वापरतात. आणि फुकट व्हर्शन आहे." फुकट म्हटल्यावर मी सावध झालो. (बँकेत फुकट फक्त कॅलेंडर देतात, तेही मोठ्या ठेवीदारांना.) पण हे खरोखरच फुकट निघालं. उघडून बघतो तर रंगकामाचं पान वेगळं, आवाजाचं वेगळं, करामतींचं वेगळं! आमचा लॅपटॉप 2020 च्या लॉकडाऊनमध्ये चिरंजीवांच्या शाळेसाठी घेतलेला, आठ जीबीचा. त्याने हॉलिवूड बघितलं आणि त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागला. दोष सॉफ्टवेअरचा नाही. सायकलच्या कॅरियरवर कपाट ठेवणाऱ्याचा.

दुसरी शिफारस आमच्या कॅशियरची. "मूव्ही मेकर टाका साहेब, एकदम सोपं." घरी येऊन शोधलं तर मायक्रोसॉफ्टने ते देणं जानेवारी 2017 मध्येच बंद केलेलं! कॅशियरला सांगितलं तर म्हणाला, "तरीच अलीकडे कुणी त्याचं नाव काढत नाही." त्यानंतर अॅडोबीचं प्रीमियर पाहिलं. ते विकत मिळतच नाही, भाड्याने मिळतं. मी घराचं भाडं भरत मोठा झालो. हप्ते फेडून आत्ता कुठे मोकळा श्वास घेतोय, आणि आता कात्रीचं भाडं भरू?

मग आणखी एक सॉफ्टवेअर घेतलं. नाव सांगत नाही. वापरायला गोड, चित्रं छान, सगळं हातात. रविवारची अख्खी दुपार खर्चून दोन मिनिटांचा व्हिडिओ जोडला, बाहेर काढला, आणि पाहतो तर नानांच्या छातीवर कंपनीचं नाव आडवं छापलेलं. पैसे भरा म्हणजे पुसतो, असा मामला. चेकवर 'अपुरी शिल्लक' असा शिक्का मी आजवर हजारो लोकांना मारला असेल. तो आपल्या वडिलांवर बसलेला बघणं फार वाईट. नाना मात्र खूश. "माझ्या अंगावर इंग्रजीत काय लिहिलंय रे?" मी म्हटलं, "सुस्वागतम."

या भानगडीत पाच आठवडे गेले. तक्ता दोन पानी झाला. शेवटी सौ.ने तो हातात घेतला.

"यातलं तुम्हाला करायचंय काय काय?"

"नको ते कापायचं, राहिलेलं जोडायचं, वर अक्षरं टाकायची, आवाज जरा मोठा करायचा."

"मग भाजीला विळी लागते. तुम्ही कारखाने कसले बघत हिंडताय?"

तिच्या या एका वाक्यावर तक्त्यातले अकरा रकाने बाद झाले. उरलं शॉटकट. फुकट, शिक्का नाही, आणि आमच्या लॅपटॉपचा पंखा त्याला घाबरला नाही. दिसायला ते आमच्या शाखेसारखंच आहे : रुक्ष, पण काम होतं. खाली टाइमलाइन म्हणजे आमची खतावणीच. चित्राची ओळ, आवाजाची ओळ. हवं तिथे थांबून 'एस' दाबलं की तुकडा पडतो, 'एक्स' दाबलं की तो जातो आणि पुढचं सगळं मागे सरकून खिंडार बुजतं. आणि कंट्रोल-झेड! चुकलेली एन्ट्री फिरवायला आम्हाला बँकेत अधिकाऱ्याची परवानगी, कारण आणि कधीकधी माफीनामा लागतो. इथे दोन बटणांत पापक्षालन.

एक दणका मात्र बसला. काम सेव्ह केलं म्हणजे व्हिडिओ त्यात जपून ठेवला, असं मी समजलो आणि जागा व्हावी म्हणून मूळ चित्रफिती दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवल्या. दुसऱ्या दिवशी उघडतो तर फायली सापडत नाहीत म्हणे! प्रोजेक्टमध्ये नाना नव्हतेच. नाना कुठे ठेवलेत त्याचा फक्त पत्ता होता. म्हणजे रजिस्टर इथे आणि व्हाउचरं रेकॉर्ड रूममध्ये. हे मला, एका कॉमर्स ग्रॅज्युएटला, आधी कळायला हवं होतं. फिती परत जागेवर ठेवल्या, नाना प्रकट झाले.

चित्रीकरण फोनवर. फोन धरायला सौ. तिने तेव्हाच सुनावलं होतं, "फाळक्यांच्या सरस्वतीबाई अंधारात बसून फिल्मला भोकं पाडायच्या, माहितीये ना? त्यांचं नाव लोकांना किती उशिरा कळलं, तेही बघा." मी शेवटी तिचं नाव टाकायचं कबूल केलं.

नाना धुतलेला सदरा घालून बसले. सात औट साडेचोवीस, तेरा औट साडेपंचेचाळीस, गाडी धडाधड चालली होती. सतरा औटला थांबली. नाना खिडकीकडे बघू लागले. बोटं मांडीवर हलत होती. मी सांगायला पुढे झालो, पण सतरा साडेतीन किती हे मला कॅल्क्युलेटरशिवाय येत नाही, आणि कॅल्क्युलेटर ज्या फोनमध्ये तो सौ.च्या हातात, नानांवर रोखलेला. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. कुणी हललं नाही. मग नाना एकदम वळले आणि म्हणाले, "साडेएकोणसाठ." आणि पुढे चालू लागले.

एडिटिंगला बसल्यावर मी ते चाळीस सेकंद सफाईने उडवले. सांधा दिसू नये म्हणून मध्ये फळ्यावरच्या आकड्यांचं चित्र घातलं. स्वतःच्या कामावर खूश होऊन नानांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पूर्ण पाहिलं.

"सतराला मी अडकलो होतो ना?"

"हो नाना. ते कापलं."

"का?"

मला उत्तर सुचेना. म्हटलं, "लोकांना कंटाळा येतो."

"कुणाला?" नाना म्हणाले. "अरे, मला आठवलं नव्हतं. मी सतराची दुप्पट, वर सतरा, वर सतराचा निम्मा असा हिशोब करून काढलं. ते खरं काम. पाठ काय, पोपटही करतो. कच्चं काम खोडून नुसतं उत्तर लिहिलं तर मी पोरांना मार्क देत नसे."

मी कंट्रोल-झेड दाबत राहिलो. फळा गेला, सांधा गेला, आणि नाना पुन्हा खिडकीकडे बघू लागले. आता मांडीवरची बोटं नीट पाहिली. ती खरोखर मोजत होती. खाली अक्षरं टाकली : चौतीस, एकावन्न, साडेएकोणसाठ.

व्हिडिओ गेल्या रविवारी चढवला. आजवर एकसष्ट वेळा पाहिला गेलाय. त्यातले निम्मे तरी नाना असावेत, कारण पाहिल्याचं विसरून ते पुन्हा बघायला बसतात आणि दर वेळी सतरा औटला पडद्यातल्या नानांच्या आधी उत्तर देतात.

काल सौ.नेही बघितला. शेवटी स्वतःचं नाव दिसेपर्यंत बघितला, आणि म्हणाली, "सगळं ठीक आहे हो, पण ती शिट्टी तेवढी काढा. डाळ लागली होती त्या दिवशी."